पाच हजार गाण्यांचा पेनड्राइव्ह आणि मागितलेलं एक गाणं: कराओकेच्या फायली कशा लावायच्या, कशा बदलायच्या



२०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. तेव्हापासून गाडी घेऊनच येणारे मुंबईकर आपल्याकडे वाढलेत. शनिवारी संध्याकाळी आक्षीपासून रेवदंड्यापर्यंत कुठल्याही वाडीत डोकावून बघा, एखाद्या होमस्टेच्या अंगणात स्पीकर, दोन माईक आणि टीव्ही मांडलेला दिसेलच. त्यामुळे कराओके सेट भाड्याने द्यायचं काम सुरू करावं का, असं दुकानात बरेच जण विचारतात. जरूर करा. पण त्यातले नव्वद टक्के लोक स्पीकर किती वॅटचा घेऊ, हेच विचारतात. फायली कशा ठेवायच्या, हे कोणी विचारत नाही. स्पीकर तर शेजारचाही तोच आणणार आहे, त्याच दुकानातून.

आधी एक साधा हिशोब करू. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधला नियम आहे. पाहुणे समुद्रावरून येऊन, आंघोळी आटपून बसतात सातला. म्हणजे तुमच्या हातात तीन तास. गाणं साडेचार मिनिटांचं धरा. माईक हातात घेणं, लाजणं, फोटो काढणं यात दीड मिनिट. तासाला दहा गाणी, तीन तासांत तीस. आता प्रत्येक गाणं शोधायला दोन मिनिटं जास्त लागली तर? तीसची बावीस झाली. पंचवीस जणांच्या ग्रुपमध्ये काही जणांचा नंबरच लागला नाही. बहुतेक वेळा त्यात ती मावशी असते, जिने दुपारपासून मनात एक गाणं धरून ठेवलेलं असतं. पुढच्या वर्षी बुकिंग कुठे करायचं हे त्या घरात तीच ठरवते, हे लक्षात ठेवा.

थोडक्यात, गिऱ्हाईक पैसे देतं ते गाणं मागितल्यापासून वाजेपर्यंतच्या वेळेचे. पेनड्राइव्हवर ५००० गाणी आहेत का ५०००० याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

कराओकेची सुरुवातच अशी झाली. १९७१ मध्ये जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक होता. त्याचं एक गिऱ्हाईक कंपनीच्या सहलीला गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावी चाललं होतं. इनोउएला सोबत जाता येईना, म्हणून त्याने साथसंगत टेपवर भरून दिली. त्या माणसाला जमेल अशा पट्टीत आणि लयीत. त्यातून पुढे त्याने ११ यंत्रं बनवली आणि ती विकली नाहीत, बारमालकांना भाड्याने दिली. पेटंट घेतलं नाही, तो भाग वेगळा. सहलीला आलेली माणसं, भाड्याचा सेट आणि गाणाऱ्याला झेपणारी पट्टी. नागावचा धंदा यापेक्षा वेगळा कुठे आहे?

ढिगात नक्की काय काय असतं

इकडून तिकडून जमवलेली गाणी उघडलीत की पाच जातीच्या फायली सापडतील. जात ओळखल्याशिवाय कन्व्हर्ट करायला बसू नका.

पहिली साधी एमपी३. फक्त संगीत, शब्द नाहीत. शब्द पाठ असणाऱ्यासाठी चालते, पाहुण्यांसाठी नाही.

दुसरी एमपी३ आणि सीडीजीची जोडी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा थांबून समजून घ्या. जुन्या कराओके सीडीवर आवाजाच्या शेजारी थोडी रिकामी जागा असायची, तिच्यात शब्दांची चित्रं भरलेली असत. ती संगणकावर उतरवली की दोन फायली होतात. एकात आवाज, दुसरीत चित्र. सीडीजीमध्ये आवाज अजिबात नसतो. पडदा असतो ३०० बाय २१६ ठिपक्यांचा, रंग एका वेळी १६. सेकंदाला ३०० पाकिटं, प्रत्येक २४ बाइटचं, म्हणजे सेकंदाला ७२०० बाइट. चार मिनिटांच्या गाण्याची सीडीजी फाइल साधारण १.७ एमबीची हवी. फाइल अर्ध्याच मापाची दिसली तर शब्द मध्येच थांबणार, हे न वाजवताच कळतं. आणि मुख्य म्हणजे जोडीतल्या दोघांची नावं तंतोतंत एक हवीत. एकाचं नाव बदललं, एक स्पेस जास्त पडली, की प्लेअरला जोडी सापडत नाही. लोक म्हणतात फाइल खराब आहे. फाइल चांगली असते, ताटातूट झालेली असते.

तिसरी जात डॅट. व्हीसीडीवरची. एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये बसलेली. भारतात कराओकेच्या व्हीसीडी भरपूर निघाल्या, त्यामुळे जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचा बराच माल आजही यातच सापडतो. चित्र ३५२ बाय २८८ चं, मोठ्या टीव्हीवर भुरकट दिसतं, पण चालतं. गंमत आवाजात आहे. यातल्या बऱ्याच डिस्कवर एका बाजूच्या स्पीकरला नुसतं संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकासकट गाणं असतं. डावीकडे काय आणि उजवीकडे काय, हे डिस्कगणिक बदलतं. अशी फाइल जशीच्या तशी लावली की पाहुणे गातात आणि मागून मूळ गायकही गातो.

चौथी मिडी किंवा केएआर. ही आवाजाची फाइल नव्हेच. कोणतं वाद्य, कोणता सूर, किती वेळ, एवढ्या सूचना. म्हणून काही केबींची असते. पट्टी कितीही वरखाली करा, काही बिघडत नाही. पण आपल्या मालासाठी एक अडचण आहे. मिडीच्या सर्वसाधारण वाद्ययादीत सतार आहे, सनईसुद्धा आहे, पण तालवाद्यांत तबला नाही आणि ढोलकीही नाही. बोंगो-कोंगा आहेत. कोळीगीत किंवा लावणी बोंगोवर वाजली की आपल्याकडचा माणूस माईक खाली ठेवतो. जुनी संथ गाणी मिडीत ठीक लागतात, ठेक्याची नाही.

पाचवी एमपी४, शब्द पडद्यावर असलेला व्हिडिओ. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल सगळीकडे चालते. आपल्याला शेवटी सगळं इथेच आणायचंय.

आधी लावा, मग बदला

आलेला सगळा माल एका हार्ड डिस्कवर 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये उतरवा आणि त्या फोल्डरला परत हात लावू नका. नाव बदलणं, कापणं, पट्टी बदलणं, सगळं कॉपीवर. किराणा दुकानात गोदाम वेगळं आणि काउंटर वेगळा असतो ना, तसंच.

आता ५००० गाणी तपासायला एकेक मिनिट धरलं तरी ८३ तास जातील. करू नका. तीन तासांत तीसच गाणी होतात, हे वर बघितलंय. कोणती तीस, हे माहीत नसतं म्हणून साठा लागतो, पण ३०० पुरे. कोणती ३००, हे संगणक सांगणार नाही. दोन-तीन शनिवार एखाद्या होमस्टेवाल्या काकांकडे बसा, लोक काय मागतात ते वहीत लिहा. माझा अंदाज असा की पन्नाशीच्या पुढचे पाहुणे जुनी हिंदी युगुलगीतं मागतात, तरुण मंडळी रात्री नऊनंतर मराठी ठेक्याची गाणी मागते आणि लहान मुलं एकच गाणं चार वेळा. तुमच्या वहीत वेगळं निघालं तर तुमची वही खरी.

या ३०० पैकी प्रत्येक गाण्याची सुरुवात, मधला अंतरा आणि शेवट, तिन्ही ठिकाणी दहा-दहा सेकंद ऐका. शब्द आवाजाबरोबर चालतात का बघा. नापास गाणं 'दुरुस्ती' फोल्डरमध्ये टाका. खोडू नका, पण 'चालू'मध्येही ठेवू नका.

नाव आणि नंबर

मराठी गाण्यांचा खरा त्रास इथे आहे. पाऊस हा शब्द इंग्रजी अक्षरांत कोणी एक ए लिहून लिहितो, कोणी दोन, कोणी मध्ये डब्ल्यू घालतो. चांदणे आणि चांदणं, ह्या आणि या, तीच गत. शोधायला गेलात की एकच गाणं तीन ठिकाणी निघतं किंवा असून सापडत नाही. मग सरळ देवनागरीत नावं द्यावीत का? लॅपटॉपवर चालतं. पण पेनड्राइव्ह थेट स्पीकरला किंवा जुन्या टीव्हीला लावलात की चौकोन दिसतात.

म्हणून मी शिकवतो ती पद्धत अशी. फाइलची ओळख म्हणजे चार आकडी नंबर, इंग्रजी कीबोर्डवरच्या अंकांत. त्यापुढे इंग्रजी अक्षरांत गायक, मग गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. मध्ये स्पेस, डॅश, स्पेस. नाव जरा चुकीच्या स्पेलिंगचं असलं तरी फरक पडत नाही, कारण शोधायचं नंबरावर. नंबर ७ नको, ०००७ हवा. बरेच प्लेअर अक्षरांसारखी रांग लावतात, त्यामुळे १ नंतर १०, मग १०० आणि मग २ येतो. पुढे शून्यं दिलीत की हा प्रश्नच मिटतो. काही स्वस्त स्पीकर तर नावं बघतच नाहीत, ज्या क्रमाने फायली कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून फायली नंबरवारीनेच भरायच्या. नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तिरकी रेघ घालू नका, विंडोज घेत नाही.

अजून एक खोडी. नाव बदलूनही स्पीकरच्या पडद्यावर भलत्याच वेबसाइटचं नाव दिसतं. ते फाइलच्या आतल्या टॅगमधून येतं. एमपी३टॅग नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात सगळ्या फायली निवडून फाइलच्या नावावरून टॅग भरायची सोय आहे. ३०० फायलींना काही मिनिटं लागतात.

देवनागरी गेली कुठे? ती एक्सेलमध्ये. ही तुमची स्टॉकवही. रकाने असे: नंबर, गाण्याचे पहिले शब्द देवनागरीत, चित्रपट किंवा अल्बम, गायक, एकट्याचं का जोडीचं, पट्टी. आणि शेवटचा रकाना, ज्याला मी सगळ्यात जास्त किंमत देतो, 'लोक कसं मागतात'. कारण गाण्याचं नाव कोणी घेत नाही. कोणी धृवपदाचा मधलाच शब्द सांगतं, कोणी "ते बोटीतलं" म्हणतं, कोणी "लग्नात वाजतं ते". जे ऐकाल ते त्या रकान्यात टाका. सहा महिन्यांत हा रकाना असा भरेल की कंट्रोल-एफ दाबलं की गाणं हजर. याच शीटवरून मराठी गाणीपुस्तक छापा, जाड कागदावर, लॅमिनेट करून. खाऱ्या हवेत आणि माशांच्या ताटांशेजारी साधा कागद एक रात्र टिकत नाही. शीट गूगलवर ठेवून क्यूआर कोड टेबलावर चिकटवलात तर पाहुणे दुपारीच गाणी निवडून ठेवतात.

पट्टीचा रकाना कसा वापरायचा? गाणं काळी एकमध्ये आहे आणि गाणाऱ्या ताईंना पांढरी चार सोयीची आहे, तर चार अर्धस्वर वर. ऑडासिटीत 'चेंज पिच'मध्ये हे होतं, लय तीच राहते. मात्र चार-पाच अर्धस्वरांपुढे वाद्यं खेळण्यातली वाटायला लागतात. जी गाणी बायका आणि पुरुष दोघंही मागतात, त्यांचे दोन-दोन ट्रॅक आधीच करून ठेवा, नंबर तोच ठेवून पुढे एफ आणि एम लावा.

आता कन्व्हर्ट

आज्ञांच्या ओळी व्हिडिओत स्क्रीनवर दाखवल्यात, इथे फक्त काय आणि का ते सांगतो.

सीडीजी जोडीची एमपी४ करायला एफएफएमपेग वापरा. मोफत आहे आणि सीडीजी वाचतो. एमपी३ आणि सीडीजी दोन्ही इनपुट म्हणून द्यायच्या. चित्र मोठं करताना बरोबर पाचपट करा. २१६ ला ५ ने गुणलं की १०८०, म्हणजे फुल एचडी टीव्हीची उंची नेमकी भरते. आणि मोठं करायची पद्धत 'नेबर' निवडा, नाहीतर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. चित्राला एच.२६४ आणि आवाजाला एएसी निवडलंत की फाइल जवळजवळ कुठल्याही टीव्हीवर चालते. लॅपटॉपवरूनच कार्यक्रम करणार असाल तर बदलायचीही गरज नाही. ओपनकेजे नावाचा मोफत प्रोग्रॅम सीडीजी जोड्या झिपसकट वाजवतो, गाणाऱ्यांची रांग लावतो आणि चालू गाण्याची पट्टीही बदलतो. नावातला क्रम त्याला एकदा सांगावा लागतो.

डॅट फायलींसाठी हँडब्रेक. आवाजाच्या टॅबमध्ये मिक्सडाउन म्हणून 'मोनो, फक्त डावा' किंवा 'फक्त उजवा' असे पर्याय आहेत. संगीत ज्या बाजूला आहे ती निवडा, मूळ गायक गायब. आधी हेडफोन लावून बाजू तपासा. एका डिस्कवरची बाजू बहुधा सगळ्या गाण्यांना सारखी असते, त्यामुळे तपासणी डिसकीला एकदा आणि बाकीचं रांगेत लावून रात्री झोपा.

आणि हो, १२८ चं गाणं ३२० केल्याने चांगलं होत नाही. चार मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएसला साधारण ३.८ एमबी असतं, ३२० ला ९.६. एमपी३ करताना जे फेकलं गेलं ते परत येत नाही. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतण्यासारखं आहे ते. उलट एमपी३ची परत परत एमपी३ केलीत की दर वेळी थोडं झिजतं. म्हणून पट्टी बदलायची, कापायचं, काहीही करायचं, ते दर वेळी 'मूळ'मधून नवी कॉपी घेऊन.

आवाजाची पातळी सारखी करायला विसरू नका. एक गाणं पुटपुटतं म्हणून तुम्ही व्हॉल्यूम चढवता आणि पुढचं अंगावर येतं. लहान मूल दचकतं, शेजारच्या वाडीतून फोन येतो. एमपी३गेन हे काम फाइल न झिजवता करतो, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी.

एका गाण्याला ऐकणं, नाव, नोंद, कन्व्हर्ट मिळून सहा मिनिटं धरा. ३०० गाण्यांचे ३० तास. पावसाळ्यात पर्यटक कमी असतात तेव्हा आठवडाभरात होतं.

कागदपत्रं

हा भाग लोक गाळतात. ट्रॅक विकत घ्या आणि बिल जपून ठेवा. पण ट्रॅक विकत घेतला म्हणजे तो पैसे घेऊन लोकांसमोर वाजवायचा हक्क मिळाला असं होत नाही, तो वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं, आणि शब्द व चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे "जुनं गाणं आहे, चालतंय" हे बहुतेक वेळा खरं नसतं. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कलम ५२ मध्ये सवलत आहे, केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ च्या सूचनेत तेच स्पष्ट केलंय. हॉटेल-रिसॉर्टने धंद्यासाठी ठेवलेली कराओके नाइट त्यात बसत नाही. शब्द-चालीसाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था परवाना देते, ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा. परवाना तुम्ही काढणार का जागामालक, हे बुकिंगच्या कागदावर आधीच लिहून घ्या. आणि पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी पेनड्राइव्हची कॉपी देऊ नका. भाड्याने देणं हा तुमचा धंदा, कॉप्या वाटणं हा गुन्हा.

कॉपी कुठे ठेवायची

३०० व्हिडिओ, सरासरी ४० एमबी धरले तर १२ जीबी. ३२ जीबीचे दोन पेनड्राइव्ह घ्या, दोन्ही सारखे भरा, एक खिशात, एक स्पीकरच्या पेटीत. फॉरमॅट फॅट३२ ठेवा, स्पीकर आणि जुने टीव्ही तेच वाचतात. ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही, पण गाणं तेवढं मोठं नसतंच.

मूळ हार्ड डिस्कची एक कॉपी मात्र गावाबाहेर हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर छपरं गेली, माडं आडवी झाली, वीज यायला दिवसच्या दिवस लागले. ज्याची हार्ड डिस्क आणि तिची कॉपी एकाच कपाटात असते, त्याच्याकडे खरं तर एकच कॉपी असते. पुण्या-ठाण्याला बहीण-भाऊ असेल त्यांच्याकडे एक डिस्क ठेवा, दिवाळीला आणि मेमध्ये भेटाल तेव्हा ताजी करा. एक्सेलची शीट गूगलवर असेलच. ती गेली तर ३०० फायली म्हणजे नुसते ३०० नंबर.

रिकाम्या एक्सेलचा नमुना, वरचे सगळे रकाने घालून, व्हिडिओच्या खाली दिलाय. त्यात पहिली दहा गाणी भरा, ती वाजवून बघा, मगच पुढची २९० हातात घ्या.